माशाच्या डोळ्यातली खिडकी

१

मासा मेला की आधी त्याचा डोळा जातो. अंग तासभर रंग धरून असतं, पण डोळा वीस मिनिटांत दुधाळ होतो. म्हणून आमच्याकडे चित्र डोळ्यापासून सुरू होतं. मग रंग, मग रेघ, आणि सगळं झालं की चहा.

गेली एकवीस वर्षं माझी सकाळ अशी जाते. साडेसातला होडीवाला बादली आणून देतो. "घ्या, आला तुमचा नवरदेव," हा त्याचा रोजचा विनोद. मी रोज हसते, कारण माणूस चांगला आहे आणि बेट लहान आहे. बेट इतकं लहान की एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल काढतो. इथे अर्धे लोक मासे पकडतात आणि उरलेले अर्धे समुद्र संशोधन केंद्रात बसून त्या माशांवर निबंध लिहितात. मी दोन्हींत नाही. मी माशांची चित्रं काढते.

मासा पांढऱ्या ट्रेमध्ये आडवा घालायचा, पर टाचण्यांनी उघडून ठेवायचे, आणि खुर्चीत बसायचं. खुर्ची केंद्र सुरू झालं तेव्हापासूनची. पाठीला सात उभ्या पट्ट्या, त्यातली चौथी बरोबर माझ्या मणक्यात घुसते. नवी मागितली तर म्हणाले, ही वारसा आहे. टेबल वारसा, मोठी चौकोनी खिडकी वारसा, मागच्या भिंतीजवळचं मोडकं स्टूलसुद्धा वारसा. त्या खोलीत वारसा नसलेली वस्तू एकच, ती म्हणजे मी.

हे काम मला मावशीने शिकवलं. माझ्या आधी छत्तीस वर्षं त्या खुर्चीत ती बसायची. तिचा नियम एकच: मोजल्याशिवाय रेघ नाही. खवले मोजा, परांचे काटे मोजा. जे माहीत आहे ते काढायचं नाही, जे दिसतंय ते काढायचं. दोन ठिपके दिसले तर दोन ठिपके काढा, ठिपक्याला ‘तू कोण गं?’ म्हणून विचारत बसू नका. तेवढ्यात डोळा दुधाळ होतो.

खोलीत आवाज दोनच. पलीकडच्या टाक्यांना पाणी देणाऱ्या पंपाची घरघर, आणि माझ्या पाठीमागे खस खस, खस खस. मागच्या भिंतीला एक जुना पडदा आहे, तो वाऱ्याने घासतो.

म्हणजे मी तसं समजत होते.

२

आमच्या संचालकांना आम्ही पाठीमागे ‘प्रस्तावना’ म्हणतो. बेटावर काहीही छापलं गेलं तरी त्याला प्रस्तावना ह्यांची. होड्यांच्या वेळापत्रकालाही ह्यांनी दोन पानं लिहिली होती.

तर ह्या प्रस्तावनांनी प्रदर्शन ठरवलं. बेटाचा कलावारसा आणि वैज्ञानिक समाज. केंद्रातली माशांची जुनी तीनशे बावन्न चित्रं मोठ्या दालनात लागणार, सोबत पुस्तिका निघणार. पुस्तिकेचा मसुदा त्यांनी सोमवारी माझ्या टेबलावर ठेवला, शुद्धलेखन तपासायला. मी उघडला. प्रत्येक चित्राखाली छापलं होतं: ‘निरीक्षण: मोठे डॉक्टर. चित्र: अज्ञात.’

मोठे डॉक्टर म्हणजे केंद्र ज्यांनी काढलं ते. त्यांनी मासे पाहिले असतील, नाही म्हणत नाही. मीही पाहते. ताटातसुद्धा पाहते.

मी मसुदा घेऊन वर गेले.

"सर, हा अज्ञात कोण?"

"अज्ञात म्हणजे, बाई, जो ज्ञात नाही तो."

"मला ज्ञात आहे. तीनशे बावन्नांतली तीनशे बारा चित्रं माझ्या मावशीची आहेत. ती माझ्या घरी असते. आत्ता बहुतेक रेडिओला नावं ठेवत असेल."

"तुमच्या भावना मी समजू शकतो."

हे वाक्य ऐकलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

"भावना नाहीत सर, माहिती आहे. छत्तीस वर्षांची."

"पण कागद? अहवालात फक्त ‘साहाय्याने चित्रे पूर्ण केली’ असं आहे. साहाय्य हे काही नाव नाही. आणि चित्रावर सही नाही."

"सही करायला केंद्राचीच बंदी होती!"

"म्हणजे सही नाही," ते समाधानाने म्हणाले. "विज्ञानाला पुरावा लागतो, बाई. गुरुवारी पुस्तिका छापायला जाते. तोवर आणलात तर बघू."

घरी आले तर मावशी खिडकीत. आता ती एकोणऐंशीची आहे. तिच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडा तेवढ्या शिल्लक. समोरचं दिसत नाही, बाजूचं दिसतं. म्हणून माझ्याशी बोलताना ती दाराकडे बघते, आणि नवीन माणसाला वाटतं, बाई रुसली आहे.

"लावणार का गं नाव?" दाराला तिने विचारलं.

"लावणार म्हणजे काय! न लावून सांगतात कोणाला?"

"भिंतीवर मोठं लाव, ठके. मला वाचता येणार नाही, पण हाताने चाचपीन. एकदा चाचपलं की झालं."

मावशीने आयुष्यात मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे नवा ब्रश. तोही सहा महिन्यांनी मिळाला होता.

३

पुरावा माझ्याकडे होता, आणि तो तिनेच मला शिकवला होता.

ओला डोळा म्हणजे फुगीर आरसा. त्यात अख्खी खोली मावते: खिडकी, टेबल, वाकलेली बाई, मागची भिंत. दुसरे चित्रकार तिथे पांढरा ठिपका देऊन मोकळे होतात. मावशी दिसेल ते सगळं काढायची. चित्रातला डोळा शर्टाच्या बटणाएवढा, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. मी शिकायला लागले त्या आठवड्यात तिने मला भिंग दिलं आणि म्हणाली, "सही करायला बंदी आहे ना? मासाच माझ्याकडे बघतोय, त्याला मी काय करू?"

मंगळवारी मी शेवाळबाईंना पकडलं. ह्या शेवाळावर काम करतात, बावीस वर्षं एकाच जातीच्या शेवाळावर. स्कॅनिंगचं मशीन त्यांच्या ताब्यात आहे आणि प्रस्तावनांवर त्यांचा राग माझ्याइतकाच शुद्ध आहे.

"काढ गं तीनशे बारा," त्या म्हणाल्या. "आज शेवाळाला सुट्टी."

चित्रं कपाटाच्या खणांतून काढली. खणात ती अगदी मापात बसतात, इकडे तिकडे बोटभरही जागा नाही. एकेक करून काचेवर ठेवत गेलो. मग मधलंच एक चित्र घेऊन त्यांनी डोळा भिंतीवर टाकला, मोठा करत करत पार घागरीएवढा केला.

खिडकी आली. चार काचा. टेबलाची कड आली. मग वाकलेलं डोकं, त्यावर अंबाडा, हातात ब्रश.

मी टाळ्याच वाजवल्या. "ही बघा! हाच तिचा अंबाडा! आता म्हणा अज्ञात!"

शेवाळबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पुढे वाकल्या होत्या.

"आणि ही कोण?" त्यांनी विचारलं.

मावशीच्या मागे, भिंतीजवळच्या स्टुलावर, आणखी एक बाई बसली होती. मान खाली, मांडीवर काहीतरी सपाट, आणि त्यावर टेकलेला एक हात.

"मदतनीस असेल," शेवाळबाई म्हणाल्या.

"मदतनीस? ज्यांनी ब्रश द्यायला सहा महिने लावले, ते मदतनीस देतील?"

"मग डाग असेल."

"डागाला कोपर असतं?"



४

आम्ही दोघी संशोधन केंद्रातल्या. त्यामुळे पहिल्यापासून क्रमाने बघायचं ठरलं.

मावशीच्या आधीची चाळीस चित्रं कोण्या पहिल्या बाईंची. त्यांच्या माशांच्या डोळ्यांत नुसता पांढरा ठिपका. मावशीच्या पहिल्या वर्षाच्या चित्रांत खिडकी, मावशी, आणि मागे रिकामं स्टूल. दुसऱ्या वर्षी स्टुलावर एक काळसर ठिपका. तिसऱ्यापासून बाई.

पुढच्या सगळ्या चित्रांत ती होतीच. तशीच खाली मान घालून. फक्त हात कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

"थांब," शेवाळबाई म्हणाल्या. "भराभर दाखवते."

त्यांनी बटण दाबून धरलं. डोळ्यामागून डोळा सरकू लागला. भिंतीवरची खिडकी जागच्या जागी थरथरत राहिली आणि स्टुलावरच्या बाईचा हात हलू लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. छत्तीस वर्षं दोन मिनिटांत सरली, आणि ती बाई दोन मिनिटं न थांबता काहीतरी खोडत होती.

"ते नको बघूस," शेवाळबाई हळूच म्हणाल्या. "पुढचीकडे बघ. तुझ्या मावशीकडे."

मावशी पुसट होत चालली होती. आधी अंबाडा फिका झाला. मग खांदे. मग तिच्यातून टेबलाची कड दिसायला लागली.

मी ताबडतोब शहाणपण केलं. म्हटलं, रंग उडाला असेल, जुनी चित्रं आहेत. पण जुन्या चित्रांत ती ठसठशीत होती, नव्यांत विरत होती. उन्हाने नव्याआधी जुनं उडायला हवं. आणि अंबाडा नि टेबल एकाच तपकिरी रंगाचे, एकाच ब्रशच्या एकाच बुडवीतले. मग टेबल तेवढं शाबूत कसं?

शेवटच्या चित्रात फक्त तिचा आकार उरला होता, काचेवर श्वास सोडल्यावर राहतो तेवढा. हे चित्र काढलं त्याच वर्षी मावशीने ब्रश ठेवला होता. मधलं दिसत नाही म्हणाली होती.

"तुझी पण बघायची?" शेवाळबाईंनी विचारलं. "एकवीस वर्षांची आहेत."

"नको," मी म्हणाले. "पुस्तिकेत ती घेतलेली नाहीत."

असं कारण द्यायला मला लाज वाटली नाही. त्या क्षणी मिळालं तेच घेतलं.

५

बुधवारी प्रस्तावनांना खाली आणलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"एक स्त्री बसलेली दिसते," ते म्हणाले.

"माझी मावशी."

"कोण ते दिसत नाही. स्त्री दिसते. आणि इथे तर दोन आहेत. मग दोघींपैकी कोणाचं नाव छापू?"

"तुमच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत म्हणून तुमच्या प्रस्तावनेवर दोन नावं छापतो का आपण?"

शेवाळबाईंना खोकल्याची मोठी उबळ आली. प्रस्तावना मात्र शांत होते, शांत माणसाचा राग येतो तसा मला येत होता.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "तिरप्या प्रकाशात स्कॅन करा. कधी कधी पेन्सिलीचा दाब कागदावर उरतो. कुठे सही सापडली तर..."

तेवढी मदत त्यांनी केली, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

मावशीच्या चित्रांत काही सापडलं नाही. पण पहिल्या बाईंच्या चाळीसही चित्रांत सापडलं. प्रत्येक माशाच्या शेपटीखाली अंगठ्याएवढी जागा, कागद खरवडून मऊ केलेला. तिथे नाव होतं. प्रत्येक वेळी होतं, आणि प्रत्येक वेळी खोडलं होतं. इतकं नीट की एक काना उरला नव्हता.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी मवाळ बाई आहे, भांडायचं असलं की मी आधी चहा टाकते. पण त्या दिवशी माझा आवाज चढला.

"कोणी केलं हे? चाळीस वेळा? एकदाही हात अडखळला नाही? हात कसे झडले नाहीत त्या माणसाचे?"

"फार जुनी गोष्ट आहे," प्रस्तावना म्हणाले आणि वर निघून गेले. त्यांना मनोगतही लिहायचं होतं.

६

घरी येऊन मी चप्पलही न काढता मावशीला सगळं ऐकवलं. ती पहिली बाई, तिची चाळीस चित्रं, खोडलेली चाळीस नावं. "ज्याने हे केलं ना मावशी, त्याचे हात कसे झडले नाहीत?"

मावशी दाराकडे बघत होती. तिने दोन्ही हात उचलून माझ्यासमोर धरले.

"नाही झडले," ती म्हणाली. "हे बघ."

मी चप्पल काढली आणि तिच्यासमोर बसले.

"पहिल्याच आठवड्यात," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांनी चाळीस चित्रं दिली, एक खोडरबर दिला. म्हणाले, ही स्वच्छ कर. मी बावीसची होते, ठके. नोकरी नवी. वाटलं, किती चोख करते ते दाखवू. दाखवलं."

"काय नाव होतं तिचं?"

"खोडताना वाचतं का कोणी?"

"चाळीस वेळा समोर आलं असेल!"

"म्हणून तर. पहिल्यांदा वाचलं असेन. मग नुसता डाग दिसायला लागला. डाग पुसला." तिने हात मांडीवर ठेवले. "अक्षर फार सुबक होतं, एवढं आठवतं."

मी विचारलं, "मागे स्टुलावर कोण बसायचं?"

"कोणी नाही."

"तू काढलंयस तिला. तीनशे वेळा."

"ठिपका दिसायचा, तो काढायचे. वळून कधी बघितलं नाही. वळलं की डोळा दुधाळ होतो." रेडिओ खरखरत होता, तिने हात लांबवून बंद केला. "आवाज मात्र यायचा. खस खस. मी म्हणायचे, पडदा असेल."

"मीही," मी म्हणाले.

७

आता माझं सांगते. फार वेळ दुसऱ्यांवर ओरडून झालं.

बारा वर्षांपूर्वी केंद्रात नवी कपाटं आली. त्यांचे खण चित्रांपेक्षा तीन बोटं तोकडे. आधीच्या साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, खालचा समास कोराच आहे, तेवढा कापा. समास कोरा नव्हता. पहिल्या बाईंच्या चित्रांना मुळात समास नव्हता, मावशीच्या होता. त्यात तिच्या बारीक अक्षरात तारीख असायची, खवल्यांची संख्या असायची, हवा कशी होती ते असायचं, आणि कोपऱ्यात तिचं नाव. चित्रावर सहीला बंदी होती, समासाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

मी पोलादी पट्टी लावली, धारदार पातं घेतलं आणि तीनशे बारा पट्ट्या कापल्या. दोन दिवस लागले. एकही वाकडी गेली नाही. साहेब म्हणाले, वा, काय हात आहे. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

पट्ट्या कचऱ्यात गेल्या. मावशीला मी कधी सांगितलं नव्हतं. त्या बुधवारी सांगितलं.

ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मापात बसली का चित्रं?"

"बसली."

"मग," ती म्हणाली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते त्या दिवशी.

८

गुरुवारी पुस्तिका ‘अज्ञात’सकट छापायला गेली. पण दालनातल्या भिंतीवरची अक्षरं मीच रंगवते, पंधरा वर्षं मीच रंगवत आले आहे, आणि तिथे शुद्धलेखन तपासायला कोणी येत नाही. शनिवारी दुपारी मी शिडीवर चढले आणि दारासमोरच्या भिंतीवर मावशीचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, वीतभर उंच. जाड रंगाचे तीन हात दिले, बोटाला लागावा म्हणून. त्याच्या वर तेवढीच जागा कोरी सोडली.

रविवारी सगळं बेट आलं. होडीवाला केस विंचरून आला होता, ओळखू येईना. प्रस्तावनांनी भिंत बघितली, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग भाषणात म्हणाले, "ह्या विस्मृत कलावतीला उजेडात आणण्याचा मी निश्चय केला होता." शेवाळबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

मी मावशीला भिंतीपाशी नेलं. तिने बोटं टेकवली. एकेक अक्षर चाचपत गेली, काने, वेलांट्या, आडनावापर्यंत. ओठ हलत होते. मग हात वर गेला आणि कोऱ्या भिंतीवर फिरत राहिला.

"इथे काय आहे?"

"काही नाही. तिच्यासाठी जागा ठेवली आहे. नाव सापडलं तर लिहू."

"कोरी जागा तिला मी आधीच दिली होती," मावशी म्हणाली. तिची बोटं तिथून हलेनात. मग तिने चेहरा दाराकडे वळवला, म्हणजे ती माझ्याकडे बघत होती. "आणि तुझं कुठे आहे?"

"माझं कशाला? मी अजून बसते आहे की त्या खुर्चीत."

"बसतेस ना?" मावशीने विचारलं.

मी हसले. माझी सवयच आहे ती.

९

सोमवारी साडेसातला होडीवाला आला. बादली खाली ठेवली, खोलीत डोकावला, पुन्हा डोकावला.

"बाई आल्या नाहीत वाटतं अजून," तो स्वतःशीच म्हणाला.

"अहो, ही काय मी!"

तो दचकला. "उन्हात होतात, दिसला नाहीत," म्हणाला आणि नवरदेवाचा विनोद न करताच गेला. मी ते उन्हावर ढकललं. खिडकी मोठी आहे, ऊन पडतं.

मग मी काम केलं. आधी मागे जाऊन पडदा ओढून काढला, दांडीसकट, आणि बाहेर नेऊन टाकला. तो वारसा आहे हे मला माहीत होतं. परत येऊन मासा ट्रेमध्ये घातला, टाचण्या लावल्या, खुर्चीत बसले. चौथी पट्टी मणक्यात घुसली.

पंपाची घरघर. आणि मागे, उघड्या भिंतीजवळ, खस खस. खस खस.

मी वळले नाही. वीस मिनिटं होती आणि डोळा अजून लख्ख होता. भिंग घेऊन वाकले.

तेवढ्यात खस खस थांबली.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा. पंपाची घरघर एकटीच किती मोठी असते ते मला तेव्हा कळलं. खोडणारा माणूस दोनच कारणांनी थांबतो. एक तर दमतो, नाहीतर पान स्वच्छ होतं.

डोळ्यात खिडकी होती, चार काचा. टेबलाची कड होती. मागे भिंत होती आणि स्टूल होतं. स्टूल रिकामं होतं. अलीकडे खुर्ची होती. तिची पाठ दिसत होती, वरची कड आणि खाली उभ्या पट्ट्या. त्या तिथे असणारच, पण माणूस बसल्यावर कडेच्या दोन दिसतात. मधल्या माझ्या पाठीमागे असतात. एक तर मणक्यात असते.

मोजल्याशिवाय रेघ नाही. मी डावीकडून मोजल्या. मग उजवीकडून मोजल्या.

सात.

मी हात हलवला. माझा हात मला दिसला, ट्रेवर त्याची सावली पडली. डोळ्यात काही हललं नाही.

मग मला राग आला. भीतीआधी राग आला, ह्याचं मलाच नवल वाटतं. एकवीस वर्षं! साडेसातला हजर राहून, वास सहन करून, मणक्यात पट्टी घालून घेऊन! मी ब्रश उचलला, आणि जे दिसत होतं ते काढलं. खिडकी काढली, रिकामं स्टूल काढलं, सातही पट्ट्या काढल्या, एकेक करून. त्यानंतर दौत उघडली. नियम गेला खड्ड्यात. शेपटीच्या खाली, काळ्या शाईने, मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

शाई अजून ओली होती. मागे, अगदी माझ्या मानेजवळ, खस खस सुरू झाली.